चंदीगड नक्की कोणाचं? पंजाबचं, हरियाणाचं की केंद्राचं?

मोहालीतला_मिरजकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या. पाच महिन्यांपूर्वी कंपनीने इकडे पाठवलं. ऑफिस मोहालीत म्हणजे पंजाबात, भाड्याचं घर पंचकुलात म्हणजे हरियाणात (बायकोची मावसबहीण तिथे असते म्हणून) आणि रोज जातायेता मध्ये चंदीगड लागतं, ते केंद्रशासित. म्हणजे सकाळचा चहा हरियाणात, सिग्नलला शिव्या केंद्रशासित प्रदेशात आणि पंचिंग पंजाबात. गाडी एमएच-१०, ती बघून तिन्हीकडचे पोलीस सारख्याच प्रेमाने थांबवतात.

तर परवा डबा खाताना मी सहज बोलून गेलो की काय मस्त आहे ना, एकच शहर दोन राज्यांची राजधानी. झालं! आमच्या टीममधला संगरूरचा पोरगा घास खाली ठेवून म्हणाला की दोन राज्यांची कशाची, आमचीच आहे, आमची गावं उठवून बांधली, बाकीचे भाडेकरू. रोहतकवाला म्हणाला की भाडेकरू कोणाला म्हणतोस, चाळीस टक्के हिस्सा आमचा कागदावर आहे. दुसऱ्या दिवशी दोघं वेगवेगळ्या टेबलावर जेवले. मी मध्ये बसून दोन्हीकडची लोणची खाल्ली.

नेटवर शोधलं तर आयोग, करार, ठराव असलं इतकं निघालं की डोकं गरगरलं. मला साध्या भाषेत कोणी सांगेल का की राजधानी दोघांची पण मालकी एकाचीही नाही असं झालं कसं? आणि जवळजवळ साठ वर्षं हे मिटत का नाही? आणि मनात आलं म्हणून विचारतो, आपली मुंबई पण केंद्रशासित करणार होते ना, मग आपलंही असंच झालं असतं का?

सातारी_सुभेदार

मिरजकर, राम राम. मी शेवटची नोकरी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत केली आणि पेन्शन आल्यावर झिरकपुरातच घर घेतलं, चौदा वर्षं झाली, त्यामुळे हे भांडण मी चहाच्या टपरीवरच शिकलोय. जमेल तसं सांगतो, वेळ लागला तर चहा करून आणा.

मुळात फाळणीत लाहोर तिकडे गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानीच उरली नाही. सिमल्यातून कारभार चालायचा. मग शिवालिकच्या पायथ्याशी जागा हेरली, तिथली गावं उठवली आणि कोरं शहर बसवलं. आधी अमेरिकेच्या मायर या नगररचनाकाराला काम दिलेलं, त्याचा जोडीदार नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला, मग वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आला. १९५३ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलं. म्हणजे संगरूरवाला पोरगा चुकीचं बोलत नाही हे ध्यानात घ्या. पंजाबी माणसाच्या मनात चंदीगड म्हणजे गेलेल्या लाहोरची भरपाई आहे. ही गोष्ट समजली नाही तर पुढचं काहीच समजत नाही.

आता १९६६. पंजाबी सुभ्याचं, म्हणजे पंजाबी भाषिक राज्याचं, आंदोलन झालं, भाषेवर राज्य तोडायचं ठरलं आणि शहा कमिशन बसलं. तीन जणांचं कमिशन, त्यातल्या दोघांनी सांगितलं की खरड तहसील चंदीगडसकट हरियाणाला द्या, तिसऱ्याने विरोध नोंदवला. हो, हरियाणाला! हे इकडे पंजाबात कोणी आवर्जून सांगत नाही आणि रोहतकवाल्याला मात्र पाळण्यातच शिकवतात. दिल्लीने काय केलं, दोघांनाही दिलं नाही, १ नोव्हेंबर १९६६ ला चंदीगड केंद्रशासित करून टाकलं आणि दोन्ही राज्यांना सांगितलं की तूर्तास इथेच बसा. हे "तूर्तास" अजून चालू आहे.

मग दर्शनसिंग फेरुमान उपोषणाला बसले, चंदीगड पंजाबला द्या म्हणून, आणि ७४ दिवसांनी, १९६९ च्या ऑक्टोबरात, उपोषणातच वारले. त्यानंतर अकाली नेते संत फतेहसिंगांनी आत्मदहन करणार म्हणून जाहीर केलं. तेव्हा इंदिरा गांधींनी जानेवारी १९७० मध्ये निवाडा दिला की चंदीगड पंजाबला, बदल्यात अबोहर-फाजिल्काचा भाग हरियाणाला, आणि हरियाणाने पाच वर्षांत आपली नवी राजधानी उभी करावी, त्याला पैसे केंद्र देईल. वाचायला किती सोपं वाटतं बघा. पण चंदीगड हवं असलं तरी अबोहर-फाजिल्का, कापसाचा तो पट्टा, सोडायला पंजाबात कोण तयार होणार? तिथेच गाडं अडलं.

१९८५ च्या २४ जुलैला पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांचा करार झाला. त्यात तारीखच घातली, २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबकडे. पण महिना होण्याआधीच लोंगोवालांची हत्या झाली. तरी पुढे कमिशन बसलं, बदल्यात कुठली हिंदी भाषिक गावं द्यायची ते ठरवायला. अट अशी की गाव हा घटक धरायचा आणि गावं हरियाणाला सलग लागून पाहिजेत. आणि मध्ये आडवं आलं कंदूखेडा नावाचं एक खेडं. ते हिंदी भाषिक निघालं तर पुढची सगळी गावं हरियाणाला जोडली जाणार, पंजाबी निघालं तर साखळी तुटली. ऐन थंडीत घरोघर फिरून भाषा विचारली, दोन्हीकडचे पुढारी तिथे तळ ठोकून. गाव पंजाबी निघालं. साखळी तुटली, गावं अडकली आणि चंदीगडही अडकलं. २६ जानेवारी आला नि गेला. पुढे आणखी कमिशनं झाली, त्यांचा पण असाच निकाल.

बोटं दुखली. बाकी कायद्याचं कोणी सांगा.

काळाकोट_नागपूर

सुभेदार साहेब, सलाम. तुम्ही इतिहास सांगितलात, मी सध्याचा कारभार सांगतो कारण प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे असं माझं मत.

चंदीगडला विधानसभा नाही. दिल्लीशी गल्लत करू नका. दिल्लीत निवडून आलेलं सरकार आहे आणि पोलीस, जमीन, सार्वजनिक सुव्यवस्था केंद्राकडे, म्हणून तिथे मुख्यमंत्री विरुद्ध नायब राज्यपाल अशी कोर्टबाजी झाली, मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अधिकाऱ्यांवरचा ताबा दिल्ली सरकारला दिला आणि आठवड्याभरात केंद्राने अध्यादेश काढून परत घेतला. चंदीगडात तेवढंही नाही. एक खासदार, एक महापालिका, बाकी सगळं प्रशासकाच्या हातात. १९८४ पर्यंत चीफ कमिशनर असायचा, त्या जूनपासून पंजाबचे राज्यपालच प्रशासक. पंजाबवाले याला आपल्या हक्काची शेवटची खूण मानतात, त्यामुळे २०१६ मध्ये केंद्राने वेगळा प्रशासक नेमायचं ठरवलं तेव्हा पंजाबचे मुख्यमंत्री बादल, जे केंद्रातल्या सरकारचे मित्रपक्ष होते बरं का, त्यांनीच असा आवाज काढला की निर्णय गुंडाळावा लागला.

आता ते ६०:४०. प्रतिनियुक्तीवर अधिकारी घेताना साठ टक्के पंजाबचे, चाळीस हरियाणाचे असा संकेत आहे. डेप्युटी कमिशनर हरियाणा केडरचा, एसएसपी म्हणजे शहराचा वरिष्ठ पोलीस अधीक्षक पंजाब केडरचा, ही तर रूढीच. डिसेंबर २०२२ मध्ये पंजाब केडरच्या एसएसपीला मुदतीआधी परत पाठवून तात्पुरता चार्ज हरियाणा केडरच्या बाईंकडे दिला तर पंजाबचे मुख्यमंत्री मान यांनी राज्यपालांना पत्रच लिहिलं. एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून दोन राज्यं अंगावर येतात म्हणजे बघा.

इमारतींचं तर विचारूच नका. विधानभवन एकच. पंजाबची विधानसभा मोठ्या सभागृहात बसते आणि मूळ विधान परिषदेसाठी बांधलेलं जे लहान सभागृह त्यात हरियाणाची. हरियाणावाले म्हणतात आमच्या वाट्याच्या खोल्या पंजाबने दाबून ठेवल्यात. वाड्यात दोन भावांनी मधोमध भिंत घालावी आणि माजघरावरून तीन पिढ्या भांडावं, तसं आहे हे. त्याला कंटाळून हरियाणाने चंदीगडातच स्वतःचं विधानभवन बांधायला दहा एकर जागा मागितली, बदल्यात पंचकुलाकडची जमीन देऊ केली, तर पंजाबातले सगळे पक्ष एका सुरात म्हणाले की एक इंच देणार नाही. कारण उघड आहे, एकदा नवं विधानभवन उभं राहिलं की "तूर्तास" संपलं.

आणि केंद्र? केंद्र हळूहळू मुरतंय. एप्रिल २०२२ पासून चंदीगडच्या कर्मचाऱ्यांना पंजाबऐवजी केंद्राचे सेवानियम लावले, लगेच १ एप्रिलला पंजाब विधानसभेने चंदीगड आमचं असा ठराव केला, ५ एप्रिलला हरियाणाने उलटा ठराव केला. जानेवारी २०२५ मध्ये प्रशासकाच्या सल्लागाराचं नाव बदलून मुख्य सचिव केलं. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेच्या अधिवेशनाच्या यादीत एक घटनादुरुस्ती विधेयक दिसलं, चंदीगडला कलम २४० मध्ये घालणारं. म्हणजे अंदमान, लक्षद्वीपसारखं राष्ट्रपतींना थेट विनियम करता येतील असं. पंजाबात एवढा गदारोळ झाला की गृह मंत्रालयाला दोन दिवसांत खुलासा करावा लागला की हे फक्त कायदे करण्याची पद्धत सोपी करायला आहे आणि या अधिवेशनात विधेयक आणणार नाही.

माझं मत विचाराल तर तिघांपैकी खरी घाई कोणालाच नाही. पंजाबला चंदीगड मिळालं तर बदल्यात काय द्यायचं हा प्रश्न समोर येईल, हरियाणाला नवी राजधानी बांधावी लागेल, आणि केंद्राला हातातलं आयतं शहर सोडावं लागेल. मिटवण्यात तिघांचा तोटा, लोंबकळण्यात तिघांची सोय.

पेठेतला_५२

दहा एकर साठी एवढं? आमच्या सोसायटीत एका पार्किंगवरून २००९ पासून केस चालू आहे, तिथे पण मधल्या काळात कमिटीच मजा मारतेय. चालू द्या.

बेळगावचा_पावणा

काळाकोट, "एक इंच देणार नाही" वाचून हसू पण आलं आणि पोटात पण कळ आली. आमच्या गावात कर्नाटकाने सुवर्ण विधानसौध म्हणजे दुसरं विधानभवन उभं केलं, २०१२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन, वर्षातून एकदा अधिवेशन, बाकी वेळ बिल्डिंग मोकळी. पण ती बांधली कशासाठी हे आम्हाला कोणी शिकवायला नको. विधानभवन म्हणजे सातबाऱ्यावर चढवलेलं नाव. त्यामुळे पंजाबवाले का तडकले ते मला बरोबर समजतं.

आणि सुभेदारसाहेब, कंदूखेड्याची गोष्ट माहीत नव्हती, पण गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकतोय. महाराष्ट्राचा कर्नाटकातल्या ८६५ गावांवरचा दावा याच सूत्रावर आहे. मजा बघा, महाराष्ट्र म्हणतो गाव घटक धरा. तिकडे शहा कमिशनने तहसील घटक धरली आणि त्यामुळे चंदीगड हरियाणाकडे कलत होतं, पुढे करारात गाव घटक धरलं तर एका खेड्याने सगळं अडवलं. म्हणजे घटक कुठला धरायचा हे ठरलं की निकाल ठरला. आमच्या सीमावादाचं महाजन कमिशन पण १९६६ चंच, काय वर्ष होतं ते देव जाणे.

मुंबईचं म्हणाल मिरजकर, तर होय, अगदी थोडक्यात वाचली. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करणार म्हणून रेडिओवर सांगितलं. मुंबईत गोळीबार झाले, माणसं गेली, चिंतामणराव देशमुखांनी त्याच मुद्द्यावर अर्थमंत्रीपद सोडलं. मग द्विभाषिक राज्याची तडजोड निघाली आणि १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र. ते आंदोलन झालं नसतं तर आज मुंबईत पण प्रशासक बसला असता, गुजरात नि महाराष्ट्राच्या विधानसभा एकाच बिल्डिंगीत आणि आपण खोल्या मोजत बसलो असतो.

काळाकोट_नागपूर

पावणं, शेवटच्या वाक्याला थोडी दुरुस्ती. गुजरातला अहमदाबाद होतं, नंतर त्यांनी गांधीनगर बांधलं, त्यामुळे तिढा असाच पडला असता असं छातीठोक म्हणता येत नाही. हरियाणाची गोची अशी की चंदीगडच्या तोलाचं दुसरं शहर १९६६ मध्ये त्यांच्याकडे नव्हतं. आज गुरुग्राम आहे, पण ते दिल्लीला चिकटलेलं. नारनौलच्या माणसाला दिल्ली जवळ आणि स्वतःची राजधानी लांब, ही त्यांची वेगळीच तऱ्हा. हैदराबादचं मात्र बघा, २०१४ च्या कायद्यातच दहा वर्षांची मुदत लिहिली, २ जून २०२४ ला संयुक्त राजधानी संपली, विषय मिटला. आंध्रची राजधानी उभी राहता राहता नाकी नऊ आले ते वेगळं, पण हैदराबाद कोणाचं हा वाद उरला नाही. १९६६ च्या कायद्यात अशी तारीख घातली असती तर...

सेक्टर_बावीसची_सून

मी एवढा वेळ वाचत होते, आता राहवत नाही. मूळची ठाण्याची, लग्न होऊन चंदीगडला आले त्याला एकोणीस वर्षं झाली, सासर पंजाबी. तुम्ही सगळे पंजाब काय म्हणतं हरियाणा काय म्हणतं दिल्ली काय म्हणते लिहिताय, इथे राहणाऱ्या दहा-अकरा लाख लोकांना काय हवंय ते एकानेही विचारलं नाही!

आमच्याकडे ११४ चौरस किलोमीटरचं शहर आहे. गल्लीत जर सर्व्हे केला तर अर्ध्याहून जास्त बायका म्हणतील की आहे तसंच राहू दे बाई. माझे सासरे पक्के अकाली विचारांचे, चंदीगड पंजाबचंच असं छाती ठोकून सांगणारे, पण २०२२ ला केंद्राचे नियम लागले आणि माझ्या नणंदेचं रिटायरमेंट ५८ चं ६० झालं, बालसंगोपन रजा एक वर्षाची दोन वर्षं झाली, तेव्हा घरात लाडू आले आणि सासरे पण खात होते. मी काही बोलले नाही, फक्त डबा पुढे केला.

पण म्हणून सगळं गोड आहे असं पण नाही हं काळाकोट दादा. आमची नगरसेवकांची महापालिका म्हणजे पस्तीस जणांची, महापौर एका वर्षाचा, त्याला अधिकार ते किती. आणि त्या एका वर्षासाठी जानेवारी २०२४ मध्ये काय तमाशा झाला तो सगळ्या देशाने कॅमेऱ्यात बघितला, मतपत्रिकांवर निवडणूक अधिकारीच खुणा करतोय, आठ मतं बाद, शेवटी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. आम्हाला मत द्यायला मिळतं ते महापालिकेला आणि खासदाराला, बस. घराच्या वर मजला चढवायचा का, भाडेपट्ट्याची जमीन मालकीची होणार का, हे ठरवणारा माणूस आम्ही निवडून दिलेला नसतो. माझ्या दिराने एका परवानगीसाठी अकरा महिने एका ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, तिथल्या साहेबाची दोनदा बदली झाली कारण तो आपल्या मूळ राज्यात परत गेला, नवीन आला की फाइल पहिल्यापासून. त्या ६०:४० चा हिशोब तुम्ही राज्यांच्या बाजूने मांडलात, आमच्या बाजूने तो असा दिसतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुखना तलाव. तलाव आमच्या हद्दीत, पण त्यात पाणी जिथून येतं तो पाणलोट पंजाब आणि हरियाणात पण पसरलाय. तिकडे बांधकामं होतात, कान्सलजवळ तर टॉवर उभे राहणार होते, बरेच आमदार मेंबर असलेला प्रकल्प, सुप्रीम कोर्टाने २०१९ ला थांबवला. २०२० च्या मार्चमध्ये हायकोर्टाने तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला आणि पाणलोटातली बेकायदा बांधकामं पाडायला सांगितलं. मी रोज पहाटे तिथे फिरायला जाते, मला त्या तलावाची कीव येते खरंच, तीन सरकारं त्याच्या काठावर आणि पाणी कोणी बघायचं ते ठरत नाही. पूर्वी शहराभोवती बांधकाम होऊ नये म्हणून १९५२ चा परिघाचा कायदा होता, आठ किलोमीटरचा पट्टा, पुढे तो सोळा केला. १९६६ नंतर तो पट्टाच दोन राज्यांत वाटला गेला आणि त्याच पट्ट्यात मोहाली नि पंचकुला वसली! मिरजकर, तुम्ही राहता ते घर आणि बसता ते ऑफिस दोन्ही खरं तर शेतातच असायला हवं होतं.

सातारी_सुभेदार

ताई, कान पकडले. माझं झिरकपूर पण त्याच पट्ट्यात. विमानतळाचं राहिलं बघा सांगायचं. धावपट्टी चंदीगडात हवाई दलाची, नवं टर्मिनल मोहालीच्या बाजूला, कंपनीत विमानतळ प्राधिकरण ५१ टक्के, पंजाब नि हरियाणा साडेचोवीस-साडेचोवीस. भगतसिंगांचं नाव द्यायला सगळे तयार, पण त्यापुढे मोहाली लिहायचं की चंदीगड यावर वर्षानुवर्षं अडलं. शेवटी २०२२ च्या सप्टेंबरात शहीद भगतसिंग नाव लागलं. त्या बिचाऱ्याने फाशी जाताना देशाचा विचार केला, ह्यांनी पाटीचा.

मोहालीतला_मिरजकर

बाप रे, एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून काल मुद्दाम सुखनावर गेलो, काठावर उभं राहून कुठलं डोंगर कुठल्या राज्यात ते ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

संगरूरवाल्याला शहा कमिशनचं विचारलं तर म्हणाला ते कमिशन १९६१ च्या जनगणनेवर चाललं आणि त्या जनगणनेत पंजाबी बोलणाऱ्या हिंदूंनी पण भाषा हिंदी लिहिली होती. रोहतकवाल्याला १९७० चा निवाडा विचारला तर म्हणाला राजधानी बांधायला तयार आहोत, आधी पंजाबने आमच्या वाट्याचं सतलज-यमुना कालव्याचं पाणी सोडावं. म्हणजे एका दाराला कुलूप आणि त्याची किल्ली दुसऱ्या कुलपात. दोघं आता परत एका टेबलावर जेवतात, कारण मी त्यांना बेळगाव सांगितलं आणि दोघांनी मिळून माझीच समजूत काढली.

एक शेवटचा, कामाचा प्रश्न. वर्ष होत आलं की गाडीचा नंबर बदलावा लागेल ना, तर सीएच-०१ घ्यावा, पीबी-६५ की एचआर-०३?

सेक्टर_बावीसची_सून

पत्ता पंचकुलाचा तर एचआर-०३ च, दुसरं कोणी देणार नाही. फक्त ऑफिसात संगरूरवाल्याच्या शेजारी पार्क करू नका.